पेटीची किल्ली कॅरलकडे

३ मे

अरविंद जाऊन आज चार महिने. इथे बॉथेलला पाऊस. गाडी भिजतेय, कारण गराजमध्ये अजून दहावं शतक नांदतंय. भिंतीला ढाली, कोपऱ्यात भाले, मधोमध ती लाकडी पेटी. चौदा वर्षं गाडी बाहेर आणि वायकिंग आत. माणूस गेला तरी गाडीला आत घेता येत नाही.

निखिलचा फोन, शुगर लँडहून. "आई, सगळं ऑनलाइन टाकून दे. हेल्मेट, शील्ड, लोकं लगेच उचलतात." म्हटलं बघू. "मी फोटो टाकू का?" म्हटलं, बघू म्हणाले ना.

११ मे

डेलचा फोन. अरविंदच्या ग्रुपचा प्रमुख, म्हणजे दर उन्हाळ्यात तंबू ठोकून वायकिंगांसारखं राहणारी मंडळी. निवृत्त प्लंबर, दाढी छातीपर्यंत. मला 'शोबा' म्हणतो, चौदा वर्षांत 'भ' काही जमला नाही. त्यांची एक रीत आहे म्हणे. सभासद गेला की त्याचं सामान छोट्या होडीत ठेवून उन्हाळी कॅम्पला तळ्याच्या काठावर अग्नी देतात. वापरण्याजोगं असेल ते बाकीच्यांत वाटतात. "आर्नविदचं सामान आम्हाला मिळायला हवं असं आम्हाला वाटतं." आर्नविद म्हणजे आमचा अ., हे त्याचं तिथलं नाव.

खरा अग्नी दिला तेव्हा हे लोक मागच्या रांगेत सूट घालून उभे होते, अवघडलेले. आता म्हणे नीट करायचंय.

हो म्हटलं. गराज तरी मोकळं होईल.

१४ मे

काढायला घेतलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघावी लागते, इलाज नाही.

लोकरीचा सदरा. हा मी शिवलाय. सगळी हातशिलाई, कारण मशीनची टीप दिसली की त्यांची तपासणीवाली बाई परत पाठवते. कॅम्पच्या दारात उभं राहून शिवणी उलटून बघते. घड्याळ चालत नाही, चष्मा चालत नाही, चेन तर नाहीच. त्या काळात होतं तेच आत. मी एक अख्खा हिवाळा घातला त्या सदऱ्यात, मान मोडून. पहिल्या फटक्यात पास झाला, असं अ.ने येऊन सांगितलं होतं. मला नाही, फोनवर भावाला.

तांब्याचं तपेलं. हे पुण्याहून तांबट आळीतून आणलं, माझ्या बॅगेत, माझ्या चार साड्या मागे ठेवून. मग इथे त्याने ठोकून ठोकून काठ बदलला, लोखंडी कडी बसवली, आणि चालेल की नाही यावर त्यांची चर्चा किती दिवस चालली. चाललं. पुणेरी तपेल्याला व्हिसा मिळाला.

पेटीला कुलूप. किल्ली कुठेच नाही. ड्रॉवर, कोटांचे खिसे, टूलबॉक्स, सगळं पालथं घातलं.

१९ मे

कुंदावहिनी आल्या. नागपूरच्या, दोन गल्ल्या सोडून राहतात. गराज बघून म्हणाल्या, "बाप्पा, एवढं? अन् तू एकदाबी नाही गेली कॅम्पले?"

नाही गेले. दोनदा विचारलं त्याने. पहिल्यांदा निखिलची परीक्षा होती, दुसऱ्यांदा मी सरळ सांगितलं की धूर, डास आणि तंबूत झोपणं, या वयात जमणार नाही. तिसऱ्यांदा विचारलं नाही. महाराष्ट्र मंडळात सगळे त्याला वायकिंगकाका म्हणून हसायचे आणि मला विचारायचे, वहिनी, तुमचं शिंगांचं हेल्मेट कुठाय? हसून घ्यायचं. डबा मात्र दर वेळी भरून दिलाय. शंकरपाळे, चिवडा, मेथीच्या पुऱ्या. दर वेळी.

२३ मे

उद्या डेल नि ती तपासणीवाली, कॅरल, सामान न्यायला येणार. सकाळी तपेलं घासायला बसले. बाहेरून नुसती काजळी, बोटभर थर. घरातलं भांडं दुसऱ्याकडे असं काळं कसं पाठवायचं? आधी काथ्या नि राख, मग चिंच-मीठ. दुपार गेली, खांदे भरून आले. पण काय लखलखीत निघालं. खिडकीत ठेवलंय. आईने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

२४ मे

काय सांगू.

डेलने तपेलं बघितलं आणि टोपी काढली, अक्षरशः. कॅरल ते उचलून घेऊन परत बाहेर गेली. ड्राइव्हवेच्या कडेला ओल्यात बसली, तपेलं मांडीवर, आणि रडायला लागली. साठीची बाई. नाक पुसत होती बाहीने.

मी डेलला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, इट्स ओके, शोबा, यू डिडन्ट नो. ती काजळी म्हणे पहिल्या कॅम्पपासूनची. आतून घासायचे, बाहेरून कधीच नाही, आर्नविदचा नियम. नवीन पोरांना तो दाखवायचा, हा थर त्या वर्षीचा, वादळात चूल विझली होती तेव्हाचा. तेच त्या तपेल्याचं खरं वय होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे भांडी घासतात.

चहा केला, दुसरं काय करणार. चहा पिता पिता कॅरल एकेका वस्तूबद्दल बोलायला लागली. हा चमचा कोणत्या पडलेल्या झाडाचा. हा पट्टा त्याने कोणाकडून, कशाच्या बदल्यात घेतला. ढालीवरची ही खोक कोणाच्या कुऱ्हाडीची. मान वर न करता, एकामागून एक. माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याच्या वस्तू मला सांगत होती आणि मला एकही माहीत नव्हती. सदऱ्याबद्दल मात्र म्हणाली, "दॅट वन वॉज मेड ॲट होम." होम म्हणजे मी.

मग डेल पेटी उचलायला लागला तर म्हणाली, तशी नको, बूड सुटेल. आणि त्याच सुरात, साखर द्या म्हणावं तसं, "त्याची किल्ली माझ्याकडे आहे."

विचारलं, तुमच्याकडे का?

ती गोंधळली. खरंच गोंधळली, नाटक नव्हतं ते. "घरच्या बाईकडे किल्ल्या असतात ना. कॅम्पमध्ये मी त्याची... यू डिडन्ट नो?" डेल कपात बघत राहिला.

म्हटलं, आज काहीही जाणार नाही. दोघं रिकाम्या हाताने गेले. तपेलंही इथेच.

२५ मे

तर असं, डेलकडून कळलं ते. तिथे प्रत्येकाची एक रचलेली गोष्ट असते. आर्नविद, पूर्वेकडून आलेला व्यापारी, त्याची बायको, त्याचं घर. बायकोशिवाय चूल मांडता येत नाही त्यांच्या हिशेबात. मी गेले नाही, म्हणून कॅरल बसली. चुलीशी ती, पंगतीत त्याच्या शेजारी ती, आलेल्या पाहुण्यांना दाखवायला ती. कमरेला तीन लोखंडी किल्ल्या, घरधनीण असल्याची खूण. त्यांच्याकडेही. माझ्या आत्याच्या कमरेला असायचा तसा जुडगा.

आणि त्या किल्ल्या त्याने इथे केल्या. आमच्या गराजमध्ये. तो हिवाळा मला आठवतो, शनिवार-रविवार नुसती ठोकठोक, मी वर इस्त्री करत होते. खाली येऊन विचारलं, काय चाललंय, तर म्हणाला, "बिजागऱ्या."

आमच्या घराला किल्लीच नाही. दाराला कोड आहे. निखिलच्या जन्मतारखेचा.

२८ मे

कुंदावहिनी. सगळं ऐकून पहिलाच प्रश्न, "काही होतं का दोघांचं?"

नव्हतं. मला माहितेय. डेल शपथेवर सांगेल, सगळा कॅम्प सांगेल, अ. तंबूत डेलशेजारी घोरत झोपायचा. कॅरलला नवरा आहे, ढोल वाजवतो.

तेच तर. असतं काही तर भांडी आपटता आली असती. मेलेल्या माणसाला शिव्या घालता आल्या असत्या, लोकांनी समजून घेतलं असतं. नुसता खेळ होता म्हणे. मग खेळाला खऱ्या लोखंडाच्या किल्ल्या कशाला? खोट्या चालल्या नसत्या. तिथे काहीही खोटं चालत नाही, बायको सोडून.

७ जून

डेलचा फोन. पडत्या आवाजात. समारंभ कसा असतो ते सांगितलं. होडी तयार आहे. संध्याकाळी सगळे वेशात काठापर्यंत जातात. बायको होडीबरोबर पाण्यापर्यंत चालते, त्याच्या सदऱ्यावर किल्ल्या ठेवते, बाजूला होते, मग आग.

विचारलं, बायको कोण?

म्हणाला, कॅरलने मनाची तयारी केलीय, बट ऑफ कोर्स वी वॉन्ट यू देअर. तुम्हाला अगदी पुढची जागा देऊ. दोरीला लागून. दोरीच्या आत फक्त वेशातले, बाहेर पब्लिक. पण तुमच्यासाठी खुर्ची ठेवू.

खुर्ची. जत्रेला आलेल्या लोकांत, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांशेजारी, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून मी माझ्या नवऱ्याचा अग्नी बघायचा, आणि दुसरीने त्याच्या अंगावर किल्ल्या ठेवायच्या.

म्हटलं, मी बायको आहे, डेल. तर म्हणाला, आय नो. वी कॅन फाइंड यू अ ड्रेस.

१० जून

निखिलला सांगितलं. तो हसला नाही, पण हसू दाबलेलं कळतं आईला. "मॉम, इट्स कॉसप्ले. लेट इट गो."

कॉसप्ले, म्हणजे नुसती वेशभूषा, असं म्हणायचं नाही, अ. चिडायचा. तेही मीच सांगितलं निखिलला. मीच त्याची बाजू घेतली आणि मग फोन ठेवून स्वतःवरच चिडले.

१९ जुलै

कोरडा उन्हाळा, सगळीकडे आग पेटवायला बंदी. समारंभ पुढे ढकलला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. बरं झालं. का बरं झालं ते माहीत नाही.

तपेल्यात चहा करून बघितला. इथल्या काचेच्या शेगडीवर ते काळं होणार नाही, कितीही वर्षं ठेवलं तरी. चकचकीत तोंड घेऊन बसलंय. मला आता बघवत नाही, कपाटात टाकलं.

२४ ऑगस्ट

पेटी रिकामी करायलाच हवी असं डेल म्हणतो. बंदी उठल्यावरही अग्निशमनवाले प्लास्टिक, बॅटऱ्या काही जाळू देत नाहीत. मी म्हटलं, कुलूप तोडते. तो म्हणाला, प्लीज डोन्ट, त्याने स्वतः केलंय ते. कॅरलला पाठवतो.

३० ऑगस्ट

कॅरल आली. जीन्स, साधा शर्ट, कमरेला काही नाही. किल्ल्या पर्समधून काढल्या, एका जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या. मधली लावली. फिरली. मग झाकण न उघडता ही बाई गराजच्या दारापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

विचारलं, बघायचं नाही?

म्हणाली, मी कधीच बघत नाही. त्या काळातलं नाही ते सगळं पेटीत जातं, प्रत्येकाच्याच. तपासणीवालीने बघितलं तर बाहेर काढावं लागेल. म्हणून कुलूप, म्हणून किल्ली घरच्या बाईकडे.

उघडलं. वाचायचा चष्मा. बीपीच्या गोळ्यांची पट्टी, दोन उरलेल्या. फोनचा चार्जर. डासांचं मलम. धाग्याचं रीळ, माझ्या शिवणाच्या डब्यातलं. आणि सर्वांत खाली माझा स्टीलचा कडीचा डबा.

हा डबा हरवला म्हणून मी कुंदावहिनींवर संशय घेतला होता. दोन दिवाळ्या त्यांना आडून आडून विचारत होते. आत चुरा होता शंकरपाळ्यांचा, दगड झालेला.

कॅरलला म्हटलं, हा माझा. तेव्हा वळली. "ओह, दॅट वॉज यू?" तिला वाटायचं तो हे शहरातल्या दुकानातून आणतो. संध्याकाळी पब्लिक गेलं की लाकडी वाडग्यात काढून सगळ्यांना द्यायचा, सगळे त्यासाठी थांबायचे. डबा कधी कोणी बघितला नाही.

म्हणजे वाडगा चालतो, वाडग्यातले शंकरपाळे चालतात, शंकरपाळे करणारी चालत नाही. ती चष्म्याबरोबर, मलमाबरोबर तळाशी, कुलपात. आणि कुलपाची किल्ली दुसरीच्या कमरेला. मला त्या क्षणी अ. जिवंत हवा होता, फक्त तोंडावर विचारायला.

किल्ल्या मागितल्या. तिने मोज्यात परत गुंडाळल्या, सावकाश. म्हणाली, "त्याने माझ्या हातात दिल्यात. मला त्या ठेवायच्यात त्याच्यापाशी. प्लीज." पर्समध्ये टाकून गेली.

तिच्या जागी मी असते तर मीही दिल्या नसत्या. खरं आहे ते.

१४ सप्टेंबर

डेल मधला मार्ग काढतो. त्याने आयुष्यभर तुंबलेले पाइप मोकळे केलेत, हेही तसंच. मी वेश घालून दोरीच्या आत आले तर कॅरल किल्ल्या माझ्याकडे देईल, पाण्यापर्यंत मी चालायचं. तिला हे मान्य आहे. दोन दिवस बोलली नाही म्हणे कोणाशी, मग हो म्हणाली. पण जीन्सवर किंवा सलवार-कमीझवर किल्ल्या अडकवता येणार नाहीत. तेवढा नियम मोडता येत नाही.

म्हणजे माझ्या नवऱ्याची बायको व्हायला मला कॅरलसारखं दिसावं लागेल.

विचार करते, म्हटलं. सदरा, पट्टा, चमचा, पेटी नेऊ दिली. सदऱ्याची घडी मीच घातली.

२७ सप्टेंबर

पार्सल. कॅरलकडून. लोकरीचा झगा, गडद निळा, वर अडकवायचा एप्रनसारखा भाग, दोन पितळी बकल. चिठ्ठी नाही.

मी शिवण उलटून बघितली. सगळी हाताची. बारीक, एकसारखी, माझ्याइतकी बारीक. पंधरवड्यात केलाय म्हणजे बाई रात्रंदिवस बसली असणार. माप बरोबर आलंय. माझं माप तिला कोणी दिलं? बघून घेतलं असेल त्या दिवशी, चहा पिताना.

घालून बघितला नाही. हँगरला लावला, मग काढून परत खोक्यात ठेवला.

१ ऑक्टोबर

निखिलचं येणं कॅन्सल. ऑफिसात कसलंसं रिलीज आहे. "आई, व्हिडिओ कॉल कर ना." दोरीच्या आत फोन चालत नाही म्हटलं. "मग बाहेरून कर."

मुलाने सहज म्हटलं. दुखलं.

४ ऑक्टोबर

तळ्याकाठचं मैदान. गाडीत बसून लिहितेय. कुंदावहिनी ड्राइव्ह करून घेऊन आल्या, गुडघ्यांची तक्रार न करता. आता बाहेर वेफर्स खात उभ्या आहेत आणि भाला घेतलेल्या एका माणसाला मराठीतच विचारताहेत की बाथरूम कुठेय.

सकाळी पाचला उठून शंकरपाळे केले. का, ते विचारू नये. डबा घासला, पुसला, काठोकाठ भरला, कडी लावली.

होडी दिसते इथून. बैलगाडीएवढीच असेल. पेटी तिच्यात, वर सदरा पसरलाय, बाह्या दोन्हीकडे नीट लांब केल्यात. कोणी केल्यात ते माहितेय.

डेल मघाशी काचेशी आला. पूर्ण वेशात, डोळे लाल. मागच्या सीटवरचा झगा बघितला, अजून खोक्यातच. मग मांडीवरचा डबा बघितला. म्हटलं, हा पेटीत ठेवायचाय. होता तिथे.

"शोबा, दॅट कान्ट गो. इट्स स्टील."

माहितेय म्हटलं.

"जळणार नाही तो. सकाळी राखेत तसाच सापडेल."

म्हटलं, तेही माहितेय.

तो दाढी खाजवत उभा राहिला. म्हणाला, मी नाही ठरवत हे, तपासणी कॅरलची. आणि गेला.

कुंदावहिनी आल्या. "घाल ना तो झगा बाई, कोन पाह्यते तुले इथं." सगळेच बघतील, म्हटलं. "मंग नको घालू." एवढं सोपं आहे त्यांचं.

शिंग एकदा वाजलं. दुसऱ्यांदा वाजलं की जायचं. झगा मागे, डबा मांडीवर, तूप लागलंय वहीला. दोरीपाशी फटीत कॅरल उभी आहे, कमरेला किल्ल्या, एकेकाच्या शिवणी उलटून बघतेय आणि आत सोडतेय. मधूनच इकडे, गाडीकडे बघते.

तिच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे. काय काय आत घेते आणि काय बाहेर ठेवते, बघू.